अंगातली राखण आणि उन्हाची गोष्ट



रथसप्तमी आली की आपण अंगणात सूर्याचा रथ काढतो, गोवऱ्यांच्या विस्तवावर बोळक्यात दूध उतू घालतो. बाळाला तेल लावून उन्हात निजवतो. ऊन अंगाला चांगलं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आज मी तुम्हाला याच उन्हाची गोष्ट सांगणार आहे. कारण गेल्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीत एका सुनेने मला एक प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर दोन वाक्यांत देऊन माझं समाधान झालं नाही.

तिच्या नवऱ्याला टीबी झालाय. सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू आहेत. गोळ्यांनी मळमळतं, लघवी लाल होते, त्यामुळे तो वैतागला आहे. तेवढ्यात शेजारच्या कुणीतरी सांगितलं, "अरे, अंगात ड जीवनसत्त्व कमी पडलं की टीबी होतो. रोज कोवळ्या उन्हात बस, दुकानातून ड जीवनसत्त्वाच्या पुड्या आण. प्रतिकारशक्ती वाढली की टीबी आपोआप पळतो." ती मला विचारत होती, "ताई, मग गोळ्या बंद केल्या तर चालेल का?"

मी तिला आधी सांगितलं, की बाई, एकही गोळी बंद करायची नाही. तेच तुम्हालाही सांगते. पण शेजाऱ्याने सांगितलेलं सगळंच काही हवेतलं नाही. ऊन आणि टीबी यांचं नातं मोठमोठ्या डॉक्टरांनी शंभर-दीडशे वर्षं मानलं, त्यावर दवाखाने उभे राहिले, नोबेल पारितोषिकही मिळालं. त्यातलं खरं किती निघालं आणि कुठे माणसं फसली, ते समजून घेतलं तर असा प्रश्न आपल्या घरात आला तरी आपण डगमगणार नाही.

धुराची शहरं आणि वाकडे पाय

गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये. तिथे सतराव्या शतकात लहान मुलांमध्ये एक आजार फार दिसू लागला. मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकायचे, छाती पुढे यायची, मनगटं जाड व्हायची, मूल वेळेवर चालायचं नाही. आपल्याकडे याला मुडदूस म्हणतात. १६५० साली फ्रान्सिस ग्लिसन नावाच्या डॉक्टरांनी त्यावर मोठं पुस्तक लिहिलं. लक्षणं बरोबर टिपली, पण कारण काही सापडलं नाही.

पुढे गिरण्या आल्या. दगडी कोळशाचा धूर, अरुंद गल्ल्या, उंच भिंती. आधीच तिकडचं ऊन कमी, त्यात धुराचं छप्पर. मुडदूस घरोघरी झाला. १८२२ साली पोलंडमधल्या श्न्याडेत्स्की या डॉक्टरांनी लिहून ठेवलं, की खेड्यातल्या मुलांना हा आजार फारसा होत नाही, शहरातल्या मुलांना होतो, आणि यावर उपाय म्हणजे मुलांना उघड्या हवेत, उन्हात न्यावं. त्यांचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. फुकटच्या उपायावर माणसांचा विश्वास लवकर बसत नाही.

पुढे १८९० साली थिओबाल्ड पाम या डॉक्टरांनी तेच दुसऱ्या वाटेने सांगितलं. ते मिशनरी म्हणून जपानमध्ये राहून आले होते. इंग्लंडमध्ये एवढा मुडदूस, आणि जपानमध्ये तो दिसतच नाही, याचं त्यांना नवल वाटलं. त्यांनी चीन, हिंदुस्थान अशा ठिकठिकाणच्या डॉक्टरांना पत्रं लिहून माहिती मागवली. गरिबी तर सगळीकडे होती, घाणही होती. फरक होता तो उन्हाचा. "मुलांना ऊन द्या," असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. तेही बाजूला पडलं.

माशाच्या तेलाची वाट

त्याच काळात दुसरी एक वाट चालू होती. उत्तरेच्या थंड समुद्रात कॉड नावाचा मासा मिळतो. त्याच्या यकृताचं तेल तिकडचे कोळी लोक पिढ्यान्‌पिढ्या औषध म्हणून घेत. तेलाला घाण वास. पण अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या दवाखान्यात सांधेदुखीच्या रोग्यांना ते दिलं जाऊ लागलं, आणि पुढे मुडदुसावरही त्याचा गुण येतो असं दिसलं.

मग डॉक्टरांनी ते तेल टीबीच्या रोग्यांना द्यायला सुरुवात केली. १८४९ साली लंडनच्या ब्राँप्टन रुग्णालयातल्या डॉ. विल्यम्स यांनी लिहिलं, की क्षयाच्या पुष्कळ रोग्यांना या तेलाने बरं वाटलं, वजन वाढलं. तेव्हा टीबीवर औषध असं काही नव्हतंच. टीबी जंतूंनी होतो हेसुद्धा माहीत नव्हतं, कारण रॉबर्ट कॉख यांनी तो जंतू शोधला १८८२ साली. त्यामुळे हे तेल म्हणजे मोठाच आधार वाटला. रोगी खरंच बरे होत होते का, की चार घास तेल-दूध पोटात गेल्यामुळे थोडे दिवस तरतरी यायची, हे ताडून बघायची पद्धतच तेव्हा नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

उन्हाचे दवाखाने

आता डेन्मार्कला जाऊ. तिथे नील्स फिन्सेन नावाचे एक डॉक्टर होते, स्वतः कायमचे आजारी. टीबीचा एक प्रकार कातडीला होतो. चेहरा खात जातो, नाक झडतं, रोगी तोंड झाकून जगतो. फिन्सेन यांनी १८९५ च्या सुमारास भिंगातून तीव्र प्रकाश अशा चेहऱ्यावर टाकायला सुरुवात केली. शेकडो लोक बरे झाले. १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. दुसऱ्याच वर्षी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ते वारले.

प्रकाशाने टीबी बरा होतो, ही बातमी जगभर पोचली. स्वित्झर्लंडच्या डोंगरात लेझां या गावी ऑग्युस्त रोलिये या डॉक्टरांनी १९०३ पासून उन्हाचे दवाखाने काढले. हाडांच्या टीबीची मुलं बर्फाच्या कडेला, लंगोटी लावून उन्हात झोपवत. पहिल्या दिवशी फक्त पावलं उन्हात, मग हळूहळू पाय, पोट, पाठ, असा त्यांचा शिस्तीचा कार्यक्रम असे.

ही लाट आपल्याकडेही आली. पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर आरोग्यधाम काढलं. मिरजेच्या डॉ. वानलेस यांच्या नावाने वानलेसवाडीला टीबीचं आरोग्यधाम उभं राहिलं. स्वच्छ हवा, विश्रांती, चांगलं अन्न आणि मोकळा उजेड हे तिथलं औषध. गुजरातेत जामनगरला तर १९३० च्या दशकात राजे रणजितसिंहजी यांनी, म्हणजे क्रिकेटसाठी ज्यांचं नाव आपण ऐकतो त्यांनीच, उन्हाचा एक अजब दवाखाना बांधायला घेतला. उंच मनोऱ्यावर लांबलचक खोल्या, आणि सूर्य जसा सरकेल तशा त्या खोल्याही गोल फिरायच्या, म्हणजे रोग्यावर दिवसभर ऊन राहावं.

आज आपल्याला हसू येईल. पण घरात पोर खोकून रक्त टाकतंय आणि हातात दुसरं काहीच नाही, तेव्हा माणूस सूर्यालाच शरण जाणार.

दोन वाटा एकत्र येतात

एका बाजूला ऊन, दुसऱ्या बाजूला माशाचं तेल. दोघांचा गुण सारखाच कसा? हे कोडं १९१९ ते १९२४ या पाच-सहा वर्षांत सुटलं.

इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याची पिल्लं घरात कोंडून नुसत्या ओटच्या खिरीवर ठेवली. त्यांना मुडदूस झाला. कॉड माशाचं तेल दिलं, बरी झाली. त्याच वर्षी, १९१९ मध्ये, बर्लिनला हुल्डशिन्स्की यांनी मुडदुसाच्या मुलांना एका खास दिव्याखाली बसवलं. उन्हात जे न दिसणारे अतिनील किरण असतात, ते त्या दिव्यातून येत. मुलांची हाडं भरू लागली. गंमत अशी, की एकाच हातावर प्रकाश टाकला तरी दुसऱ्या हाताचं हाडही सुधारायचं. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होत होतं आणि ते रक्तातून अंगभर जात होतं.

मग पुढे आल्या एक बाई. हॅरिएट चिक. पहिलं महायुद्ध संपलं होतं, व्हिएन्ना शहर उपाशी होतं, मुलांचे हाल होते. १९१९ ते १९२२ या काळात चिकबाई आणि त्यांच्या सोबतीणींनी तिथल्या मुलांच्या दवाखान्यात राहून नीट नोंदी ठेवल्या. कुठल्या मुलाला काय खायला दिलं, कोण किती उन्हात राहिलं, कुणाला तेल दिलं, हाडांचे एक्स-रे काय सांगतात. त्यांनी पक्कं दाखवून दिलं, की ऊन किंवा तेल, दोन्हींपैकी काहीही दिलं तरी मुडदूस टळतो आणि बराही होतो. या चिकबाई एकशे दोन वर्षं जगल्या.

१९२२ साली अमेरिकेत मॅकॉलम यांनी तेलातलं अ जीवनसत्त्व नष्ट करून पाहिलं, तरी मुडदूस बरा झाला. म्हणजे तेलात आणखी एक वेगळं तत्त्व होतं. इंग्रजीतली ए, बी, सी ही नावं आधीच वापरून झाली होती, म्हणून या चौथ्याला डी म्हटलं. तेच आपलं ड जीवनसत्त्व. आणि दोन वर्षांनी स्टीनबॉक यांनी दाखवलं, की अन्नावर अतिनील किरण टाकले तरी त्यात ड तयार होतं.

नाशिकच्या पडद्याआड

आता आपल्या मातीतली गोष्ट. त्याच १९२२ साली हचिसन आणि शहा या दोघांनी नाशिकला केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात जे दिसलं ते उलटंच वाटावं असं होतं. गरीब घरातल्या, बाहेर राबणाऱ्या बायका आणि उघड्यावर खेळणारी त्यांची पोरं. अन्न बेताचं, दूध-तूप नावाला. त्यांच्यात मुडदूस जवळजवळ नव्हता. आणि खात्यापित्या घरांतल्या, पडद्यात राहणाऱ्या हिंदू आणि मुसलमान बायका-मुलांत मात्र तो भरपूर होता. घरात दूध होतं, तूप होतं, पण ऊन नव्हतं.

काश्मीरमध्ये श्रीनगरला काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनीही तेच पाहिलं आणि १९२८ साली पडदा आणि बाळंतपण यावर पुस्तकच लिहिलं. पडद्यातल्या मुलींची हाडं मऊ पडायची. लहान वयात लग्न, पाठोपाठ बाळंतपणं, प्रत्येक बाळ आईच्या हाडातला चुना ओढून घेणार, आणि ऊन नसल्यामुळे तो भरून निघणार नाही. कमरेची हाडं दबून वाट अरुंद व्हायची. मग बाळ अडायचं. कित्येक बायका त्यातच गेल्या. त्याच काश्मीरमध्ये नावांवर राहणाऱ्या, शेतात जाणाऱ्या बायकांची बाळंतपणं सोपी होत.

मैत्रिणींनो, ऊन फुकट आहे, सगळ्यांसाठी आहे, असं आपण म्हणतो. पण बाईच्या वाट्याला ते किती येणार, हे तिच्या घरची रीत ठरवत होती. उंबऱ्याच्या आत ठेवलेल्या बाईला सूर्यसुद्धा परका झाला होता. याचा अर्थ गरिबी बरी असा नाही. राबणाऱ्या बाईला ऊन मिळालं, पण पोटभर अन्न मिळालं नाही, आणि त्याचे भोग वेगळे होते. ते पुढे सांगते.

गोळी आली, खुर्च्या रिकाम्या झाल्या

१९४० च्या दशकात फ्रान्समध्ये शार्पी आणि इंग्लंडमध्ये डाउलिंग यांनी कातडीच्या टीबीला ड जीवनसत्त्वाचे मोठमोठे डोस दिले. कातडी पुष्कळांची सुधारली. पण डोस एवढे मोठे होते, की काहींच्या रक्तात चुना वाढला, उलट्या सुरू झाल्या, मूत्रपिंडांना इजा झाली. जीवनसत्त्व झालं तरी जास्त झालं की ते बाधतं, हे तेव्हाच कळलं.

त्याच सुमाराला स्ट्रेप्टोमायसिन आलं. टीबीच्या जंतूला मारणारं पहिलं औषध. मागोमाग पीएएस आणि आयसोनियाझिड आली. आणि मग आपल्याच देशात एक मोठी गोष्ट झाली. १९५६ साली मद्रासला एक केंद्र सुरू झालं. तिथे टीबीच्या गरीब रोग्यांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एक गट आरोग्यधामात: पलंग, विश्रांती, हवा, चांगलं जेवण. दुसरा गट आपल्या घरी: दाटीची वस्ती, तुटपुंजं अन्न, काम चालू. औषध मात्र दोघांना तेच. वर्षाने पाहिलं तर दोन्ही गटांत बरे झालेले जवळजवळ सारखेच. १९५९ साली हे छापून आलं आणि जगभर टीबीच्या उपचाराची रीत बदलली. रोगी घरी राहून बरा होऊ शकतो, कारण बरं करणारी गोष्ट औषध आहे, हे सिद्ध झालं. उन्हातल्या खुर्च्या आणि लांब व्हरांडे हळूहळू रिकामे झाले.

ड जीवनसत्त्व मग हाडांपुरतं उरलं. टीबीशी त्याचं काही नातं होतं, हे लोक विसरूनच गेले.

अंगातली राखण

पण गोष्ट संपली नव्हती. १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांना दिसलं, की रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरही ड जीवनसत्त्वाची जागा आहे. जसं कुलूप असलं की त्याची किल्ली कुठेतरी असणारच, तसं. या पांढऱ्या पेशी म्हणजे आपल्या अंगातली राखण. जंतू आला की त्याला पकडणं, गिळणं, मारणं हे त्यांचं काम. हाडांशी त्यांचा काय संबंध? मग त्यांच्यावर ड चं कुलूप कशाला? १९८६ मध्ये लंडनला ग्रॅहम रूक आणि त्यांच्या सोबत्यांनी काचेच्या भांड्यात अशा पेशी ठेवल्या, त्यात टीबीचे जंतू सोडले आणि ड घातलं. जंतूंची वाढ मंदावली.

२००६ साली लॉस एंजेलिसच्या शास्त्रज्ञांनी आतलं यंत्रच उलगडून दाखवलं. राखणदार पेशीला टीबीचा जंतू जाणवला की ती स्वतःच आपलं ड चं कुलूप पुढे करते. रक्तात फिरणारं ड ती आत ओढते, त्याला कामाच्या रूपात आणते, आणि त्याने कॅथेलिसिडिन नावाचं एक जंतुनाशक तत्त्व बनवायचा हुकूम सुटतो. रक्तात ड कमी असेल तर हे तत्त्वही कमी बनतं. वरून ड घातलं की पुन्हा बनतं.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या त्या डॉक्टरांना उन्हात काहीतरी जाणवलं होतं, ते अगदीच खोटं नव्हतं. एक गंमत मात्र सांगायला हवी. फिन्सेन यांच्या भिंगाची काच अलीकडे तपासली, तर तिच्यातून ड तयार करणारे किरण पलीकडे जातच नव्हते. त्यांचे रोगी बरे झाले ते बहुधा दुसऱ्याच कारणाने, प्रकाशाने जंतू थेट मारले गेल्यामुळे. गुण खरा, पण सांगितलेलं कारण चुकीचं, असं औषधाच्या इतिहासात पुष्कळदा होतं.

मग पुडीने टीबी जातो का?

काचेच्या भांड्यात जे घडतं ते माणसाच्या अंगात घडेलच असं नाही. ते बघायचं तर मद्रासला केलं तसं करावं लागतं. दोन गट, एकाला खरं औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि कुणाला काय मिळालं हे शेवटपर्यंत झाकलेलं.

तसं केलं गेलं. तमिळनाडूत टीबीच्या २४७ रोग्यांवर केलेली चाचणी २०१५ साली छापून आली. टीबीची औषधं सगळ्यांना, शिवाय निम्म्यांना ड चे मोठे डोस. थुंकीतले जंतू लवकर गेले का? नाही. काही फरक पडला नाही. मंगोलियात तर ८८५१ शाळकरी मुलांना घेतलं, बहुतेकांच्या अंगात ड फारच कमी होतं. निम्म्यांना तीन वर्षं दर आठवड्याला ड दिलं. २०२० साली निकाल आला: टीबीची लागण दोन्ही गटांत सारखीच. करोनाच्या काळात आपल्याकडे ड च्या पुड्यांचा सुळसुळाट झाला होता. इंग्लंडमध्ये सहा हजारांहून जास्त माणसांवर चाचणी झाली. ज्यांचं ड कमी निघालं त्यांना सहा महिने गोळ्या दिल्या. करोना कमी झाला नाही.

सर्दी-खोकला, छातीचे आजार यांबाबत थोडं वेगळं दिसलं. २०१७ साली पंचवीस चाचण्या एकत्र करून पाहिल्या. रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं ड घेणाऱ्यांना, त्यातही ज्यांच्या अंगात ते फारच कमी होतं त्यांना, काही फायदा दिसला. एकदम मोठा डोस घेणाऱ्यांना दिसला नाही. पुढे आणखी चाचण्या जमल्यावर तो फायदाही लहान होत गेला, इतका की आज तो खात्रीने सांगता येत नाही.

हे असं का? मला सोपं वाटणारं उत्तर सांगते. भाजीत मीठच नसेल तर भाजी बिघडते. पण मीठ बरोबर असताना आणखी मूठभर टाकलं तर भाजी जास्त चांगली होत नाही. शिवाय भाजीच करपली असेल तर मीठ काय करणार? ड जीवनसत्त्व हे राखणीला लागणाऱ्या अनेक गोष्टींतलं एक आहे. राखणदाराच्या हातात काठी हवी हे खरं. पण त्याच्या पोटात भाकरीही हवी. आणि टोळी घरात घुसून बसली असेल तर नुसत्या काठीने भागत नाही. तिथे औषधच लागतं.

भाकरीची ताकद

भाकरीचं मी उगाच म्हटलं नाही. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात एक मोठं काम झालं. टीबीच्या २८०० रोग्यांना औषधांबरोबर शिधा दिला. मग त्यांच्या घरच्या माणसांचे दोन गट केले. एका गटातल्या घरच्यांनाही दर महिन्याला तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या गटाला तो जादा शिधा नव्हता. २०२३ साली निकाल छापून आला. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण साधारण ४० टक्क्यांनी कमी झालं. फुप्फुसाचा, पसरणारा टीबी तर जवळजवळ निम्म्यावर आला. ज्या रोग्यांचं वजन सुरुवातीच्या दोन महिन्यांत वाढलं त्यांच्यात मरणही कमी झालं.

डाळ-भाताने हे केलं. आता तुम्हीच विचार करा. टीबीच्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं? रोग्याची उष्टी-खरकटी काढणारी, रात्री उशाशी बसणारी सून शिळ्या तुकड्यावर राहत असेल, तर तिच्या अंगातली राखण कशी टिकणार?

आपण काय करायचं

पहिली गोष्ट, टीबीच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके महिने पूर्ण घ्यायच्या. बरं वाटलं तरी थांबायचं नाही. मध्येच सोडल्या तर उरलेले जंतू चिवट होतात, मग साधी औषधं लागू पडत नाहीत. लघवी लाल होते ती औषधाच्या रंगाने, त्याला भ्यायचं नाही. उलट्या फार झाल्या, डोळे पिवळे दिसले तर मात्र लगेच दवाखान्यात सांगायचं.

दुसरी, टीबीच्या रोग्याला आहारासाठी सरकारकडून निक्षय पोषण योजनेत दर महिन्याला १००० रुपये खात्यात मिळतात. ते मिळतात का, आशाताईंना विचारा. आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायचीच.

तिसरी, ऊन जरूर घ्यायचं, पण हाडांसाठी आणि एकूण तब्येतीसाठी. इथे आपली एक समजूत थोडी बदलायला हवी. सकाळचं कोवळं ऊन सुखाचं असतं, पण ड तयार करणारे किरण त्यात फारच थोडे असतात. खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते, तेव्हा ते किरण मिळतात. थंडीत ती वेळ दुपारी बाराच्या आसपास येते. हात, पाय, पाठ उघडी ठेवून वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. काचेच्या खिडकीतून येणारं ऊन यासाठी उपयोगाचं नाही. वैशाखात मात्र भर दुपारी बसू नका, ऊन लागेल. तेव्हा सकाळी नऊ-दहालाच सावली आखूड झालेली असते. आणि तान्ह्या बाळाला दुपारच्या उन्हात ठेवायचं नाही. त्याच्यासाठी ड चे थेंब असतात, ते नर्सबाईंना विचारून द्यावेत.

शेतात राबणाऱ्या बायकांना वाटेल, आम्ही तर दिवसभर उन्हातच. पण अंगात नवऱ्याचा फुलबाह्यांचा शर्ट, डोक्या-तोंडाला फडकं, मग कातडीला ऊन लागणार कुठे? घरात बसून विड्या वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या सासूबाई, यांची तर नाशिकच्या त्या पडद्यातल्या बायकांसारखीच गत. पडदा गेला, पण सावली राहिली.

चौथी, अन्न. बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे आणि अंड्याचा पिवळा बलक यांत ड मिळतं. शाकाहारी जेवणात ते फारच थोडं असतं. म्हणून दूध किंवा तेलाच्या पिशवीवर इंग्रजी एफ अक्षर आणि अधिकचं चिन्ह असलेली निळी खूण आहे का ते पाहावं. त्यात अ आणि ड मिसळलेलं असतं. चुन्यासाठी नाचणी, तीळ, दूध आहेच.

पाचवी, गोळ्या आणि पुड्या. मोठ्या माणसाला रोज ६०० एकक ड पुरतं. दुकानात मिळणारी पुडी असते ६०,००० एककांची, म्हणजे शंभर दिवसांची. ती डॉक्टरने सांगितली तर, सांगितली तितकेच आठवडे घ्यायची. हाडं सतत दुखत असतील, जिना चढताना मांड्यांत ताकद वाटत नसेल, तर डॉक्टरला जरूर दाखवा, ड कमी असू शकतं. पण "ताकदीचं इंजेक्शन" म्हणून कुणी सहज टोचत असेल तर त्याला विचारा, हे कशाचं, किती एककांचं, आणि मला कशासाठी?

त्या सुनेला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ताई, गोळ्या तो घेईल, ऊन आम्ही दोघं घेऊ, आणि जेवायला मीही त्याच्याबरोबरच बसेन." मैत्रिणींनो, एवढ्या वर्षांच्या डॉक्टरी इतिहासाचं सार तिने एका वाक्यात सांगितलं. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या वाडीत टीबीच्या गोळ्या कोणाकोणाच्या घरी चालू आहेत, आणि त्या घरातली बाई आज जेवली का?